दिवाळसण आणि सव्वा महिना

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्रलेखक ५४ वर्षांचे आहेत. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नोकरी करतात. घरात ७९ वर्षांची आई, ४८ वर्षांची पत्नी आणि कॉलेजात शिकणारा मुलगा. मुलीचं लग्न याच मे महिन्यात झालं, त्यामुळे यंदा तिचा पहिला दिवाळसण. पत्नीला दोन वर्षं पाळीत अंगावरून फार जायचं. हिमोग्लोबिन सातपर्यंत उतरलं आणि तपासणीत गर्भाशयात गाठी निघाल्या. पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन झालं, त्याला आज १८ दिवस झाले. लक्ष्मीपूजन १२ दिवसांवर आहे. पाडव्याला व्याह्यांकडची सहा माणसं येणार हे आधीच ठरलंय. ऑपरेशनबद्दल त्यांना ‘किरकोळ होतं’ एवढंच सांगितलंय.

ते लिहितात: ‘ही म्हणते, मला काही होत नाही, ठरलंय तसं करू. स्वयंपाकाला बाई लावली आहे, बाहेरचं सगळं मी बघतो, मुलगा अभ्यासात असतो. आई म्हणते, आम्ही नाही का केलं सगळं! परवा रात्री अकराला जाग आली, बघतो तर ही ओट्याशी उभी राहून बेसन भाजतेय. माझा आवाज चढला. ती रडली, तेव्हापासून नीट बोलत नाही. रात्री मध्येच घामाघूम होऊन उठून बसते. अर्धवट भाजलेलं बेसन तसंच झाकून ठेवलंय. सण रद्द करावा तर मुलीच्या सासरी कमीपणा, करावा तर हिची काळजी. हिला गप्प कसं बसवावं?’

नमस्कार दादा,

पत्रांची रांग मोठी आहे, पण तुमच्या हातात बाराच दिवस आहेत, म्हणून तुमचं पत्र पुढे घेतलं. त्या रात्री तुमचा आवाज चढला तो भीतीपोटी, हे मला समजतं. वहिनींनाही बहुतेक समजलं असेल. पण पत्रातल्या शेवटच्या वाक्याशी मी पुन्हा पुन्हा अडखळले. ‘हिला गप्प कसं बसवावं?’ गप्प बसवता येतं हो, आवाज चढवून तुम्ही ते करूनही पाहिलंत. त्यातून त्यांना आराम मात्र मिळाला नाही.

माझं हेच ऑपरेशन बारा वर्षांपूर्वी झालं. घरी आल्यावर दोन-तीन दिवसांतली गोष्ट. मी आतल्या खोलीत पडले होते, बाहेर चार माणसं, गॅसवर कुकर. मी शिट्ट्या मोजत होते. तीन झाल्या, चौथी झाली, पाचवी झाली. बाहेर गप्पा चालू. शिट्टी सगळ्यांच्याच कानावर पडत होती, पण ती मोजायची असते हे त्या चौघांतल्या एकालाही माहीत नव्हतं. सहाव्या शिट्टीला मी कुशीवर वळले, कोपराचा रेटा देऊन उठले, भिंतीला धरत गेले आणि गॅस बंद केला. मग सगळे माझ्यावरच रागावले, ‘अगं, हाक मारायची ना!’

वहिनींचंही असंच काहीसं चाललं असावं, असं मला वाटतं. अंग अंथरुणावर आणि घर डोक्यात. तुम्ही बाई लावलीत ते फार चांगलं केलंत. आता एक दिवस एवढंच करा: त्यांच्या उशाशी एक वही ठेवा आणि घरातलं कुणीही त्यांना काही विचारायला गेलं की एक रेघ मारा. जिऱ्याचा डबा कुठला, आजीची बीपीची गोळी सकाळची की रात्रीची, दूधवाल्याचे किती झाले, बाईंनी भाजी कुठली करायची. संध्याकाळी रेघा मोजा. मग ही सगळी उत्तरं त्यांच्याकडून एकदाच लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजवर लावा. त्यानंतर प्रश्न तुमच्याकडे यायला हवेत.

रात्री अकराला बेसन का भाजलं, याचाही विचार करा. अकराला अडवायला कुणी जागं नव्हतं, हे तर झालंच. पण वहिनींच्या डोक्यात एक तारखांचा हिशेब चालू असतो. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, भाजणी दळून आणायची, लाडू आधी, चिवडा शेवटी. यंदा त्यात व्याही. हा हिशेब दुसऱ्या कुणी हातात घेतलेला त्यांना दिसत नाही, मग त्या झोपतील कशा? ‘तू काही करू नकोस’ हे तुम्ही सांगितलंत. ‘हे मी असं करणार आहे’ हे कदाचित सांगितलं नसेल. माणूस निर्धास्त होतो तो दुसऱ्या वाक्यानं.

आता त्या ‘किरकोळ’ शब्दाकडे येते. पोट उघडून केलेलं हे मोठं ऑपरेशन आहे. बाहेरचे टाके निघाले, जखम वाळली, बाई घरात हिंडू-फिरू लागली की घराला वाटतं, झालं बरं. आत मात्र पोटाच्या भिंतीचे थर आणि योनीमार्गाच्या वरच्या टोकाला घातलेले टाके अजून भरून येत असतात. त्याला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्या बायकांना लवकर बरं वाटतं, पण गर्भाशय काढल्यावर आतले टाके त्यांनाही असतातच. ज्यांच्या पोटावर तीन-चार बारीक खुणाच आहेत, त्यांच्या घरच्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

म्हणून जड उचलायचं नाही. जड म्हणजे किती, हे घराच्या मापात सांगते. भरलेली बादली पंधरा-वीस किलोची असते. तेलाचा मोठा डबा पंधरा किलोचा. पाच किलो पिठाची पिशवीसुद्धा सध्या नको. चकलीचा सोऱ्या वजनाला हलका, पण दाबताना सगळा जोर पोटातून येतो, तेव्हा तोही नको. खाली वाकून केर काढणं, पाटावर बसून उठणं, कढई उतरवणं नको. चालणं मात्र हवं. घरातल्या घरात, अंगणात, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. नुसतं पडून राहिलं तर पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. ‘आराम’ म्हणून त्यांना पलंगाला खिळवून ठेवत असाल तर तेही चूकच. टू-व्हीलरवरून खड्ड्यांतून बाजाराला नेणं यंदा राहू द्या. आणि एक गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून मीच लिहिते: डॉक्टर तपासून हो म्हणेपर्यंत शरीरसंबंध नको. हे बायकोला सांगायला लावू नये, नवऱ्यानं आपणहून म्हणावं.

तुमच्या आईंचं वाक्य, ‘आम्ही नाही का केलं सगळं.’ त्यांच्यावर रागावू नका. त्यांना केवळ गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन हे शब्द परके आहेत. त्यांना कळणारी भाषा तुमच्या घरातच आहे. बाळंतिणीला सव्वा महिना असतो. त्या सव्वा महिन्यात तिनं जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, वारं लागू द्यायचं नाही, तिला पाणीसुद्धा हातात द्यायचं. हे तुमच्या आईंनी स्वतः भोगलंय आणि बहुधा सुनेचंही केलंय. सव्वा महिना म्हणजे जवळपास चाळीस दिवस, आणि डॉक्टर जे सहा आठवडे म्हणतात ते बेचाळीस. आईंजवळ बसून म्हणा, ‘आई, तिच्या पोटात ओली जखम आहे. बाळंतिणीसारखं धर. आज अठरावा दिवस आहे.’

बाळ मांडीवर असलं की घर सव्वा महिना देतं. पिशवी काढलेल्या बाईच्या मांडीवर दाखवायला काही नसतं. नोकरी करणारीला डॉक्टर रजेचं सर्टिफिकेट देतात. वहिनींनी रजेचा अर्ज कुणाकडे करायचा? तो तुम्ही मंजूर करायचा आणि आईंकडून त्याच्यावर सही घ्यायची. ७९ वर्षांच्या सासूबाई सुनेला ‘तू उठू नको’ म्हणाल्या, तर ते तुमच्या शंभर वेळा सांगण्यापेक्षा जास्त लागू पडेल.

रात्रीच्या घामाचं वेगळं लिहिते, कारण तुम्ही ते रुसण्याच्या वाक्याशेजारीच लिहिलंय आणि मला काळजी वाटते की तुम्ही ते एकातच धरताय. पहिलं म्हणजे आज रात्री ताप मोजा. थर्मामीटरवर १००.४ किंवा त्याहून जास्त आलं तर डॉक्टरांना कळवा, संसर्ग असू शकतो. ताप नसेल तर डिस्चार्ज कार्ड काढून बघा. ऑपरेशनच्या नावापुढे ‘बीएसओ’ अशी तीन अक्षरं असतील, तर गर्भाशयाबरोबर दोन्ही बाजूच्या नळ्या आणि अंडाशयही काढलेत. तसं असेल, तर जी रजोनिवृत्ती हळूहळू काही वर्षांत यायची ती वहिनींना एका दिवसात आली आहे. अंगातून वाफा निघाल्यासारखं होणं, मध्यरात्री घाम, झोप उडणं, उगाच रडू येणं हे त्यातून होतं. ते हट्टही नव्हे, नाटकही नव्हे, आणि त्यावर उपचार आहेत. अंडाशय ठेवलेले असले तरी असा त्रास काहींना होतो, तेव्हा दोन्ही स्थितींत डॉक्टरांना विचारा, आणि दिवाळीच्या आधी विचारा. वहिनींना हे ऑपरेशनपूर्वी नीट समजावून सांगितलं होतं का, हेही त्यांना विचारा. आपल्या शरीरातून काय काढलं हे कित्येक बायकांना कार्ड वाचूनच कळतं.

हिमोग्लोबिन सातवर होतं, म्हणजे थकवा नुसत्या ऑपरेशनचा नाही. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या चहाबरोबर देऊ नका, चहामुळे लोह नीट अंगी लागत नाही. गोळ्यांनी पोट घट्ट होतं आणि जोर करणं टाक्यांना वाईट, म्हणून पाणी, पालेभाजी, फळं भरपूर द्या. फराळाच्या दिवसांत नेमकं हेच ताटातून जातं.

आता दिवाळसण. तुम्ही दोनच वाटा लिहिल्यात: करणं किंवा रद्द करणं. आपल्या पंचांगात तिसरी वाट आहे. पाडव्याला वहिनींचा एकतिसावा-बत्तिसावा दिवस असेल. तुळशीची लग्नं कार्तिक शुद्ध द्वादशीला सुरू होतात, तेव्हा सहा आठवडे भरत आलेले असतील. आणि पाडव्यानंतर महिन्यानं, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला देवदिवाळी येते, तेव्हा नववा आठवडा लागेल. दिवाळसण देवदिवाळीला करा. मुलीचा सण हुकला असं कुणी म्हणणार नाही, आणि तिची आई पैठणी नेसून दारात उभी राहू शकेल.

व्याह्यांना फोन तुम्ही करा. मुलीवर हे टाकू नका. नव्या घरात सहा महिनेसुद्धा न झालेल्या मुलीला ‘माझ्या माहेरचं जमत नाही’ असं सांगायला लावणं बरं नव्हे. तिच्या कानावर आधी घाला, फोन तुमचा. आणि ‘किरकोळ’ म्हणालो होतो ते मागे घ्या. असं काहीसं म्हणता येईल: ‘तेव्हा तुम्हाला काळजी नको म्हणून किरकोळ म्हणालो. पोटाचं मोठं ऑपरेशन आहे, डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलेत. सण आम्हाला मनासारखा करायचाय, म्हणून देवदिवाळीला सगळ्यांनी या. पाडव्याला मुलांना तेवढं पाठवा.’ कशाचं ऑपरेशन हे सांगायचं की नाही, ते वहिनी ठरवतील. त्यांना नको असेल तर ‘पोटाचं’ एवढं पुरे. कमीपणा येईल ही भीती तुम्ही मनात धरली आहे, पण व्याह्यांनी तसं काही म्हटल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही. त्यांच्याही घरात बायका आहेत. कदाचित विहीणबाईच फोन घेऊन म्हणतील, ‘अहो, मग आम्ही फराळ पाठवतो.’ पाठवू द्या.

समजा फोन करूनही ते म्हणाले, पाडव्यालाच येतो. तर या म्हणा, पण जेवण बाहेरून मागवा, वाढायला मुलगा आणि तुम्ही उभे राहा, आणि वहिनी खुर्चीत बसून गप्पा मारतील हे आधीच सांगून ठेवा.

हे सगळं मी लिहितेय खरी, पण यातलं काहीही ठरवण्याआधी तुम्ही वहिनींना विचारा. ‘सण करायचा का नाही’ असं विचारू नका, त्याला त्या ‘करू या’ असंच म्हणणार. असं विचारा: ‘कुठली एक गोष्ट झाली नाही तर तुला दिवाळी झाल्यासारखं वाटणार नाही?’ आणि मग थांबा. उत्तर यायला वेळ लागेल. मुलीला स्वतः ओवाळायचं, असं म्हणतील. दारातली रांगोळी म्हणतील. किंवा काहीतरी वेगळंच निघेल, जे तुम्हाला २५-२६ वर्षांत माहीत नव्हतं. ती एक गोष्ट त्यांच्या हातून, त्यांना झेपेल अशी, होऊ द्या. रांगोळी असेल तर टेबलावर पाट ठेवून खुर्चीत बसून काढता येते, मग पाट नेऊन दारात ठेवायचा.

बाकीच्या हिशेबाला मुलाला बसवा. तुमच्या पत्रात तो एकाच वाक्यात येतो, ‘अभ्यासात असतो’. आईनं सांगायचं आणि त्यानं वहीत लिहायचं. मग प्रत्येक पदार्थापुढे तिघांनी मिळून ठरवायचं: विकत, दुसऱ्यानं करायचं, की यंदा नाही. चकली आणि अनारसे बिनदिक्कत विकत आणा. तुमच्या भागात महिला बचत गट फराळ करतात, किलोवर मिळतो, फक्त आत्ताच सांगून ठेवा, वसुबारसेपर्यंत थांबू नका. चिवडा तुम्ही आणि मुलगा करू शकता. शंकरपाळे यंदा नाहीत तर नाहीत. जाळी-जळमटं आणि माळ्यावरची भांडी पुढच्या वर्षीही तिथेच असतील.

सणाच्या चार दिवसांत पाहुण्यांची वेळ ठरवा, पाच ते साडेसहा. भेटायला येणारं माणूस प्रेमानं येतं, पण प्रत्येकाला तीच हकिगत सांगून बाई दमते. शिवाय ‘आता कटकट गेली’, ‘पिशवी काढली म्हणजे वजन वाढतं हं’ अशी वाक्यं कानावर पडतात. मुलानं दाराशीच सांगावं, आई दहा मिनिटं भेटेल. नंतर त्या आडव्या होतील. फटाक्यांच्या धुरानं आणि फोडणीच्या खाटानं खोकला येतो. खोकताना-शिंकताना उशी पोटाशी घट्ट धरायची, टाक्यांवर ताण कमी येतो. एक छोटी उशी त्यांच्यासोबत खोलीखोलीत फिरू द्या.

अभ्यंगस्नान करायला हरकत नाही, डॉक्टरांना एकदा विचारून. तेल, उटणं जखमेवर नको. बसायला पाट नको, प्लास्टिकची खुर्ची ठेवा. त्यांच्या आधी सगळ्यांची आंघोळ झाली असेल तर तेलानं निसरडी झालेली फरशी घासून कोरडी करून मगच त्यांना आत जाऊ द्या. पाडव्याला बायको नवऱ्याला तेल लावते. यंदा तुम्ही त्यांच्या केसांना आणि तळपायांना तेल लावा. ओवाळणीही तुम्ही घाला.

लक्ष्मीपूजनाआधी दोन कामं विसरू नका. औषधं पुरतील एवढी आणून ठेवा, आणि सुट्टीत दवाखान्यात कोण असणार, नंबर कोणता, हे विचारून कागदावर लिहा. ताप, जखम लाल होऊन पू येणं, दुर्गंधी असलेला स्राव, तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, लघवीला जळजळ किंवा लघवी अडणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, यांतलं काही झालं तर पाडवा आहे म्हणून थांबू नका. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर सरळ १०८ला फोन.

अशीच पत्रं मला उलट बाजूनंही येतात. नवऱ्याची बायपास झालेली, छातीच्या हाडाला भरून यायला दोन-तीन महिने लागणार, आणि घरी बघायला येणाऱ्यांच्या चहा-फराळात बायको दिवसभर उभी. त्या बहिणींनाही सांगते, पाहुण्यांची वेळ ठरवा, आणि ‘येताना थर्मासमध्ये चहा घेऊन या’ हे जवळच्या माणसांना स्पष्ट म्हणा. ती आनंदानं आणतात. आजारी माणसाची झोप जशी मोजता तशी स्वतःची मोजा.

दादा, आता ते झाकून ठेवलेलं बेसन. त्याला वास आला नसेल तर टाकू नका. आज संध्याकाळी स्वयंपाकघरात ओट्याजवळ पाठीला टेकू असलेली खुर्ची ठेवा, पाठीमागे उशी. वहिनींना म्हणा, त्या रात्री माझं ओरडणं चुकलं. मग कढई तुम्ही ठेवा, आच मंद, थोडं तूप आणखी सोडा आणि उलथनं हलवत राहा. हात भरून येईल, थांबायचं नाही, बेसन तळाला लागतं. रंग बदलला की उतरवावंसं वाटेल. उतरवू नका. वास कसा यायला हवा हे त्यांनाच माहीत आहे, त्या ‘बास’ म्हणेपर्यंत हलवा. वळायचे तेवढे लाडू त्या बसल्या जागी वळतील, दमल्या तर उरलेले तुम्ही वळा.